मॉप मोजणाऱ्याची हजेरी

प्रवेश पक्के झाले की पॅरामेडिकल कॉलेजांत हमीपत्रांचा गठ्ठा फिरू लागतो. ओटी टेक्निशियनच्या कोर्सला आलेल्या पोरानं आणि त्याच्या वडिलांनी खालच्या कोपऱ्यात सह्या ठोकायच्या असतात. वर काय लिहिलंय ते वाचत कोण बसतो? हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही, नखं वाढवायची नाहीत, मोबाइल सापडला तर जप्त, सिस्टरशी आणि सिनियरशी अदबीनं वागायचं. दंडाची भाषा भरपूर, पण एकाही नियमापुढे त्याचं कारण दिलेलं नसतं.

नियम कडक आहेत याबद्दल माझी तक्रार नाही. ऑपरेशन थिएटरात ते कडकच हवेत. तक्रार वेगळी आहे. ज्या धंद्यात पोरानं स्वतःहून ‘माझं चुकलं’ आणि ‘मी आज आजारी आहे’ एवढं म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं, त्याच धंद्याचे नियम असे लिहिलेत की ही दोन वाक्यं त्याला महागात पडावीत.

हजेरीचा वाद अलीकडे तापलाय. दिल्ली उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल दिला की विधी शाखेच्या विद्यार्थ्याला केवळ हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेपासून रोखता येणार नाही. तेव्हापासून ‘मग आमच्याकडचीही ही कटकट काढा’ असा सूर इतर शाखांतून निघतोच. वकिलीचं पुस्तक खोलीवर बसून वाचता येतं, हे मला मान्य आहे. कित्येक वर्गांत शिकवणाऱ्यापेक्षा पुस्तकच बरं, हेही मान्य. पण ऑपरेशनच्या अवजारांची ट्रॉली खोलीवर लावता येत नाही. म्हणून तर एमबीबीएसला वर्गातल्या तासांसाठी ७५ आणि प्रात्यक्षिकांसाठी ८० टक्के हजेरी मागतात. हाताचं काम हातानंच शिकावं लागतं, आणि ओटी टेक्निशियनचं जवळजवळ सगळंच काम हाताचं.

शिवाय इथं उशीर झाला तर एकट्या विद्यार्थ्याचंच नुकसान होत नाही. पोट उघडण्याच्या केसमध्ये सुरुवातीलाच मॉप मोजतात. मॉप म्हणजे रक्त टिपायला पोटात ठेवायच्या जाड कापडी घड्या, पाचापाचाच्या गठ्ठ्यात येणाऱ्या. ट्रॉलीवरचा स्क्रब झालेला, म्हणजे हात घासून निर्जंतुक गाऊन-ग्लोव्ह चढवलेला माणूस आणि बाहेरून सामान देणारी सिस्टर, दोघं मिळून मोठ्यानं मोजतात आणि आकडा फळ्यावर चढतो. मध्ये नवा गठ्ठा फुटला की पुढे अधिक पाच. पोट शिवायला घेण्याआधी पुन्हा मोजणी, त्वचा शिवताना पुन्हा. आणि मध्येच ट्रॉलीवरचा माणूस बदलला तर तेव्हाही, कारण आपण न मोजलेल्या मालाची जबाबदारी कुणी घ्यायची? नऊची केस, आणि पोरगा सव्वानऊला दारात. एक तर सुरू झालेली मोजणी पहिल्यापासून, नाही तर त्या दिवशी त्यानं भिंतीला टेकून उभं राहायचं. हे एवढं कारण हमीपत्रात दोन ओळींत लिहिता आलं असतं. ते कळलेल्या मुलाला दंडाचा धाक लागत नाही. पहिली एसटी साडेसहाची असेल तर तो आदल्या रात्री मित्राच्या खोलीवर येऊन झोपतो.

एका जिल्ह्याच्या गावी, परवानगी काढून, मी अशीच एक केस कोपऱ्यातून पाहिली. गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन होतं, फळ्यावर पंधरा मॉप. ट्रॉलीवर इनचार्ज सिस्टरच्या हाताखाली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. शिवण्याआधीच्या मोजणीत चौदाच निघाले. ती म्हणाली, “सर, एक कमी आहे.” सक्शनच्या आवाजात ते कुणाच्या कानावर गेलं नाही. सर्जननं नीडल होल्डरसाठी हात पुढे केला. तिनं तो दिला नाही. पुन्हा म्हणाली, या वेळी जरा चढ्या आवाजात, आणि मानेपर्यंत लाल होऊन. सगळे थांबले. सर्जननं आत हात घालून चाचपलं, वॉर्डबॉय मामांनी बादली उलटी केली, सिस्टरनं टेबलाखालच्या चादरी उचलल्या. पायऱ्याच्या स्टुलामागे, रक्तानं भिजून जमिनीला चिकटलेला पंधरावा मॉप सापडला. सर्जन ‘हं’ एवढंच म्हणाले आणि हात पुढे केला. तिनं नीडल होल्डर दिला.

तो सापडला नसता तर टेबलावरच एक्स-रे काढावा लागला असता. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो तो त्याचसाठी. मला मात्र पाहायचं होतं ते त्या मुलीचं न देणं. दुसऱ्या वर्षाच्या पोरीनं सर्जनच्या पुढे आलेल्या हातात अवजार ठेवायचं नाही, हे हमीपत्रातल्या ‘अदबीनं वागावे’ या कलमात कुठं बसतं? खरं तर त्या कलमाचा भंगच झाला. आणि तसा भंग करायला तिला कुणी तरी शिकवलं होतं, बहुधा शेजारी उभ्या असलेल्या त्या इनचार्ज सिस्टरनंच.

अशा थांबवण्याला जगभर आता रीतसर पद्धतीचं रूप आलंय. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी २००८ साली आली. यवतमाळकडच्या उटी गावाशी घराण्याचं नातं असलेले अमेरिकेतले सर्जन अतुल गवांदे त्या कामाचे प्रमुख. यादीत १९ मुद्दे. त्यांत चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, हा एक, आणि शेवटी अवजारं व मॉप मोजून बरोबर असल्याचं मोठ्यानं सांगायचं, हा आणखी एक. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. २००९ च्या जानेवारीत हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नाव सांगण्याचा उपचार वरवर पोरकट वाटतो. पण ज्या पोराचं नाव खोलीत एकदा उच्चारलं गेलंय, त्याला नंतर ‘सर, थांबा’ म्हणायला जीभ रेटते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ही यादी केस संपल्यावर एकदमच टिका मारून भरतात, आणि विद्यार्थी वर्षभर ‘ए, इकडे ये’ या नावानं वावरतो.

आता आजारपणाकडे येऊ. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याच्या बाजूला डोळे येण्याची साथ आली आणि बघता बघता राज्यभर पसरली. त्या दिवसांत ओटी पोस्टिंग असलेल्या, डोळे लाल झालेल्या आणि हजेरी काठावर असलेल्या विद्यार्थ्यानं काय करावं? नियम म्हणतो, ये. काम म्हणतं, फिरकू नकोस. हाताला गळू झालंय, बोटाला चिघळलेली जखम आहे, सर्दीनं मास्क दर दहा मिनिटांनी ओला होतोय, या सगळ्यात उत्तर एकच: स्क्रब होऊ नकोस. हे उत्तर मानणाऱ्या मुलाची हजेरी कापली जात असेल तर पुढच्या खेपेला तो गळूवर पट्टी मारून त्यावर ग्लोव्ह चढवील. ‘मेडिकल सर्टिफिकेट आणा’ हा उपाय नव्हे. ते कसं मिळतं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि खरा आजारी पोरगा ते आणायला तापात रांगेत उभा राहतो. साधी व्यवस्था हवी. इनचार्ज सिस्टरला सकाळी दाखवायचं, तिनं ‘आज आत नको’ म्हटलं की ती गैरहजेरी धरायची नाही. त्या दिवशी निर्जंतुकीकरणाचं रजिस्टर किंवा स्टोअर शिकायचं, जमत नसेल तर घरी जायचं. बुडलेली केस नंतर भरून द्यायची, वाटल्यास इमर्जन्सीच्या रात्री.

सुई टोचण्याचंही तसंच. वापरलेली सुई बोटात गेली तर लगेच सांगायला हवं, कारण एचआयव्ही टाळण्याची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी बरी, आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. पण कित्येक ठिकाणी सुई टोचली की पहिलं वाक्य कानावर येतं ते ‘लक्ष कुठं होतं?’ आणि शेरा पडतो निष्काळजीपणाचा. पोरगा बोट चोखतो, ग्लोव्ह बदलतो, गप्प बसतो. ग्लोव्ह मास्कला लागला आणि कुणी पाहिलं नाही, तेव्हाही हाच प्रश्न. परदेशी पाठ्यपुस्तकांत अशा वेळी स्वतःहून सांगण्याला सर्जिकल कॉन्शन्स म्हणतात. आपल्या सिस्टर मंडळींकडे त्याचं छोटं रूप आहे. मुलगा ‘सिस्टर, माझा हात लागला’ म्हणाला की त्या न बोलता नवा ग्लोव्ह पुढे करतात. ज्या ओटीत त्याऐवजी चार माणसांत शोभा होते, तिथं महिन्याभरात कुणाचाच हात कशालाच लागेनासा होतो.

नखं आणि दागिन्यांच्या नियमांबद्दल फार बोलायचं कारण नाही, ते बरोबरच आहेत. अंगठीखाली, नेलपॉलिशच्या तड्यात, मनगटावरच्या गंड्यादोऱ्यात जंतू राहतात आणि हात कितीही घासला तरी निघत नाहीत. कोपराच्या खाली काही नको म्हणजे नको. फक्त हे ओटीच्या दारात सांगू नये. लग्न होऊन महिनाही न झालेल्या मुलीला हिरव्या चुड्यासकट पोस्टिंगला बोलवायचं आणि सगळ्यांदेखत ‘बांगड्या काढ’ म्हणायचं, यात शिस्त कमी आणि माज जास्त. प्रवेशाच्या दिवशीच सासर-माहेरच्या माणसांसमोर सांगितलं की घरात कुरकुर व्हायची ती होते, आणि बांगड्या वेळेवर वाढवल्या जातात.

मोबाइलचा नियम मात्र अर्धाच लिहिलेला असतो. जप्तीची भीती घालतात, पण पेशंटचं गुपित म्हणजे काय ते सांगत नाहीत. तालुक्याच्या गावात टेबलावरची बाई ही मुलाच्या शाळेतल्या बाई असू शकते, चुलतमामी असू शकते. फोटो काढला नाही तरी संध्याकाळच्या एसटीत ‘आज त्यांचं झालं बरं का’ एवढं बोललं की पुरे. वर्गात पाठ घ्यायला हवा तो या एसटीतल्या गप्पांवर.

आणि संस्थेची हजेरी कोण घेणार? अमेरिकेत सर्जिकल टेक्नॉलॉजीचा कोर्स पुरा करायला विद्यार्थ्याच्या नावावर १२० केसेस लागतात. ३० सामान्य शस्त्रक्रियेच्या, ९० इतर शाखांच्या. त्यांतल्या किमान ८० मध्ये तो स्वतः मुख्य स्क्रब असला पाहिजे. म्हणजे सामान तपासणं, ट्रॉली लावणं, मोजणी, अवजारं देणं आणि निर्जंतुकता सांभाळणं, हे सगळं त्यानं केलेलं असलं पाहिजे. नुसती पाहिलेली केस त्या १२० त धरत नाहीत. शिवाय विद्यार्थ्याला पगारी माणसाच्या जागी राबवायचं नाही, हे तिथल्या मान्यतेच्या निकषांत स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे २०२१ च्या कायद्यानं अशा आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला, ओटी टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय त्याच्या यादीत बसला, पदविका-पदवीला किमान २,००० तासांची अट आली. चांगलं झालं. पण तास भिंतीला टेकूनही भरतात, आणि ट्रॉलीवर न जाता रात्रभर स्ट्रेचर ढकलूनही भरतात. काही खासगी ठिकाणी शेवटच्या वर्षाची मुलं म्हणजे फुकटातला स्टाफ. तिथं हजेरी शंभर टक्के असते, कारण सुट्टी दिली तर केसेस अडतील.

म्हणून येत्या प्रवेशाच्या वेळी पालकांनी सही करण्याआधी खिडकीपाशी थोडं रेंगाळावं. ट्रेनिंगचं हॉस्पिटल कुठलं, तिथं महिन्याला मोठ्या केसेस किती, एका टेबलामागे विद्यार्थी किती उभे असतात, लॉगबुकवर सही कोण करतं, हिपॅटायटिस बी च्या तीन लसी पहिल्या पोस्टिंगआधी कोण देणार आणि सुई टोचली तर रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा, हे विचारावं. उत्तर तोंडी मिळालं तर त्याच हमीपत्राच्या मागं लिहून घ्यावं, आणि खाली प्राचार्यांची सही मागावी.