घरशाळा म्हणजे दुकान नव्हे

घरशाळेच्या नावाखाली जो बाजार मांडलाय, त्याबद्दल स्पष्टच बोलायला हवं. राग आला तर येऊ दे.

शाळेतली घोकंपट्टी नको म्हणून मूल शाळेतून काढायचं आणि दर महिन्याला ‘ॲक्टिव्हिटी बॉक्स’ मागवायचा. आत पुठ्ठे आधीच कापलेले, कुठे चिकटवायचे तेही आखलेलं. पसारा आई आवरते, फोटो ग्रुपवर जातो, मूल दुसऱ्या दिवशी विसरतं. यात सर्जनशील काय आहे हो? शाळेची वर्कशीटच घरी आली, तीही पैसे मोजून!

दिवाळीतला किल्ला आठवा. माती किती भिजवायची, उतार किती ठेवला तर ढासळत नाही, तळ्यातलं पाणी मुरू नये म्हणून काय करायचं, आळीव कधी पेरले तर दिवाळीपर्यंत हिरवळ दिसेल, हे सगळं पोरं एकमेकांकडून शिकत आली. राजगड करायचा तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या कुठल्या दिशेला, हे नकाशात बघावंच लागतं. बुरूज कोसळला की परत बांधायचा. त्याला मार्क नसतात, म्हणूनच पोरं तो चार वेळा बांधतात.

आणि आता? रस्त्याच्या कडेला प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला मिळतो. तो आणायचा, आणि सुट्टी संपली की ‘हँड्स-ऑन लर्निंग’चा कोर्स लावायचा. धन्य आहे!

“आम्हाला काय करायचं ते सुचत नाही,” असं कुणी म्हणेल. पण सांगणारे कमी आहेत का? अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमिती शिकवली. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन लगेच कलंडतो. हे हाताला कळलं की पुलाला आणि छपराच्या कैचीला त्रिकोण का असतात, हे वेगळं सांगावं लागत नाही. टाकाऊ वस्तूंतून खेळणी कशी करायची, हे त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवलंय.

त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ होत्या. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झालं, पुढे कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येईनात, तर या बायांनी शाळाच कुरणात नेली. साधनं कसली? बिया, खडे, पानं, शंख-शिंपले. ज्यांच्या घरी काहीच नव्हतं, त्यांच्यासाठी उभं राहिलेलं हे शहाणपण. आज तेच खडे नि बिया कुणी छान डब्यात भरून विकल्या, तर आपण ऑर्डर करू.

खरी गोची इथेच आहे. शिकणं विकत घेण्याची वस्तू झाली की ते ज्याला परवडतं त्याचंच होतं. आणि घरात एकटं बसून किट जोडणाऱ्या मुलाला ना भांडायला कोणी, ना समजूत काढायला.

तेव्हा पुढचा बॉक्स मागवू नका. विजेच्या मीटरचं रीडिंग मुलाला घेऊ द्या, बिलाशी ताडून बघू द्या. भाजीचा हिशोब त्याच्याकडे सोपवा. बाबांनीही सुट्टीच्या दिवशी मोबाईल ठेवून मातीत हात घालावा. आणि किल्ल्याला सोसायटीतली सगळी पोरं बोलवा, वॉचमनचीसुद्धा. दगड-माती फुकट आहे, आणि बुरूज एकट्याने उभा राहत नाही.