सद्वर्तनाचा मुचलका आणि त्याचा भंग

मनुस्मृतींत दंडाचे चार प्रकार क्रमानें सांगितले आहेत: वाग्दंड, धिग्दंड, धनदंड आणि शेवटीं वधदंड. जेथें शब्दानें काम होतें तेथें एकदम बेडी घालूं नये, हा त्या क्रमाचा अर्थ. इंग्रजी अमलांत १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५६२ व्या कलमानें हाच विचार पत्करला. आपला चांदा जिल्हा ज्या मध्य प्रांतांत होता, त्या प्रांतानें १९३६ सालीं याकरितां स्वतंत्र कायदाच केला. आणि पुढें १९५८ सालीं मध्यवर्ती अपराधी परिवीक्षा अधिनियम झाला. लोक यास नुसतें ‘प्रोबेशन’ म्हणतात.

ज्या गुन्ह्यास देहान्त किंवा आजन्म कारावास ही शिक्षा नाहीं, अशा गुन्ह्यांत दोष शाबीत झाल्यावरही न्यायाधीश त्या मनुष्याचा स्वभाव व प्रसंग पाहून शिक्षा राखून ठेवूं शकतो आणि सद्वर्तनाचा मुचलका लिहून घेतो. मुचलक्याची मुदत अधिकांत अधिक तीन वर्षें. अपराध्याचें अथवा जामीनदाराचें त्या भागांत कायमचें घर वा नियमित उद्योग असावा लागतो. कित्येकदां परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेखही नेमिली जाते. ती एक वर्षाहून कमी नसते. अमुक ठिकाणीं राहावें, मद्यास शिवूं नये, अशा अटी तींत असतात.

अशा वेळीं घरचीं माणसें ‘मुलगा सुटला’ म्हणून पेढे वांटतात. हा मोठा गैरसमज होय. तो सुटला नसून त्याची शिक्षा खुंटीवर टांगलेली आहे. अट मोडल्याची वार्ता अधिकाऱ्याच्या अहवालानें किंवा अन्य मार्गानें न्यायालयास कळली, तर तें पकडवॉरंट काढितें, किंवा त्यास व जामीनदारांस समन्स पाठवितें. त्याचें म्हणणें ऐकून घ्यावेंच लागतें. भंग सिद्ध झाला तर मूळ गुन्ह्याची शिक्षा तत्काळ देतां येते. चूक पहिलीच असेल, तर मुचलका कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करण्याचाही मार्ग मोकळा आहे. मात्र तो नेमल्या मुदतींत न भरल्यास पुन्हां मूळ शिक्षा उभी राहते. जामीनदारावरही मुचलक्याची रक्कम भरण्याचा प्रसंग येऊं शकतो. म्हणून कोणाच्या भिडेस पडून सही करण्यापूर्वीं घरांतील कर्त्या पुरुषानें अटी वाचून पाहाव्या.

आमच्या जंगलपट्टींत भंग नेहमींच दुष्टबुद्धीनें होतो असें नाहीं. मिरची तोडण्याच्या हंगामांत कित्येक मजूर तेलंगणांत जातात. घर न सोडण्याची अट असलेला एखादा तरुण पोटासाठीं त्यांच्याबरोबर निघून गेला, तर कागदावर तो अपराधी ठरतो. मोहाची दारू ज्या वस्तींत सहज मिळते, तेथें मद्याची अटही अशीच नाजूक होते. गडचिरोलींत तर १९९३ पासून दारूबंदी आहे. उपाय एकच: आधीं परिवीक्षा अधिकाऱ्यास गांठावें. त्याच्या अर्जावरून न्यायालय मुदतीच्या आंत अटींत फेरफार करूं शकतें. निघून गेल्यावर दिलेल्या सबबीपेक्षां जाण्यापूर्वीं केलेली विनंती शतपट बरी. देखरेखीच्या हुकुमाची एक प्रत अपराध्यास व जामीनदारास मिळाली पाहिजे. ती देवघरांतील पोथीइतकी जपून ठेवावी.

ही दया सर्वत्र मात्र नाहीं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें अभयारण्यांत वा राष्ट्रीय उद्यानांत शिकार केल्याचा दोष ठरला, तर अठरा वर्षांखालील मुलाखेरीज कोणासही या सवलतीचा लाभ नाहीं. ताडोबाच्या शेजारीं राहणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत धरावें.

या अधिनियमानें सोडलेल्या मनुष्यास त्या दोषसिद्धीमुळें दुसऱ्या कायद्यान्वयें येणारी अपात्रता लागत नाहीं. पण अट मोडून मूळ शिक्षा झाली कीं हें संरक्षण जातें. नोकरीचें वय असलेल्या तरुणाचें यांत केवढें हित गुंतलें आहे तें वेगळें सांगावयास नको. न्यायालयानें विश्वास टाकलेला असतो. तो सांभाळण्याचें काम त्या मुलाइतकेंच त्याच्या घराचें आहे. त्यास रोज टोचून बोलण्यापेक्षां त्याच्या हातास काम द्यावें आणि हजेरीच्या दिवसाची आठवण ठेवावी.