‘पिशवी’ या शब्दाविषयी

आमच्या बीड जिल्ह्यात गर्भाशयाला पिशवी म्हणतात. इतरत्रही म्हणत असतील; पण ‘पिशवी काढली’ हे वाक्य जितक्या सहजपणे आमच्या कानावर पडते, तितके अन्यत्र पडत असेल असे वाटत नाही. ‘पिशवीला सूज होती’, ‘पिशवी खराब झाली होती’, ‘लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम’ ही वाक्ये आमच्या विद्यार्थिनींच्या आया बोलतात, आणि चाळिशीही न गाठलेल्या बायका बोलतात. त्यांच्या तोंडी हा शब्द आला तर त्यात गैर काही नाही. लोकभाषा अवयवांना घरातल्या वस्तूंचीच नावे देत आली आहे. हाच शब्द शस्त्रक्रिया सुचवणाऱ्याच्या तोंडी आला की मात्र त्याचा अर्थ बदलतो. पिशवी म्हणजे काहीतरी ठेवण्याची वस्तू. ठेवण्याजोगे काही उरले नाही की फेकून द्यायची. शब्दानेच अर्धा निर्णय होऊन जातो. आमचा आक्षेप या अर्ध्या निर्णयाला आहे.

एप्रिल २०१९ मध्ये ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची बातमी आली आणि बीडचे नाव देशभर झाले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासकीय समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले, म्हणजे साधारण सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांसाठी देशाचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. कारणे सर्वांना पाठ झाली आहेत : नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’, मुकादमाची उचल, एका दिवसाच्या खाड्याचा दंड, पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी, फडावर ना पाणी ना आडोसा, आणि दवाखान्यात दाखवली गेलेली कर्करोगाची भीती. यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही त्यात भर घालत नाही. आमचे लक्ष आहे ते ‘काढल्यानंतर’ काय, याकडे.

त्याच वर्षी, एक महिना आधी, मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर एक औषध मंजूर केले होते. त्यातील द्रव्याचे नाव अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन. हे द्रव्य मूळचे प्रयोगशाळेतले नव्हे; ते आपल्या शरीरात तयार होते, आणि शरीरातही केवळ अंडाशयात नव्हे, तर मेंदूत आणि मज्जारज्जूतही. १९८१ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-एमिल बोलियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांच्या मेंदूत एक स्टेरॉइड सापडले. वृषणे आणि अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्यावरही ते मेंदूत टिकून राहिले. रक्तातून आले नसेल तर ते मेंदूनेच घडवलेले असणार! बोलियूंनी अशा द्रव्यांना ‘न्यूरोस्टेरॉइड’ म्हटले. (स्टेरॉइड म्हटले की आमच्याकडे पैलवानांचे किंवा अंगदुखीवरचे इंजेक्शन आठवते, येथे तो अर्थ नाही.) मज्जापेशी कोलेस्टेरॉलपासून प्रेग्नेनोलोन, त्यापासून प्रोजेस्टेरॉन आणि त्यापासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन बनवतात. प्रोजेस्टेरॉन हे ज्याला आपण ‘बाईपणाचे’ संप्रेरक मानतो ते; पण मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टन घडवण्यातही त्याचा हात असतो, आणि पुरुषाच्या मज्जातंतूंनाही ते लागते.

स्ट्रासबुर्ग विद्यापीठातील आयिकोए-गी मेन्सा-न्यागान यांनी हाच धागा वेदनेपर्यंत नेला. उंदराच्या पायाकडे जाणारी मोठी नस बांधली की त्याला जुनाट मज्जावेदना जडते. अशा उंदरांत वेदना वाहून नेणाऱ्या पेशी स्वतःच अधिक अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन बनवू लागतात, आणि ही निर्मिती औषधाने रोखली तर वेदना वाढते, असे त्यांच्या गटाला आढळले. म्हणजे दुखण्याची वर्दी देणारी पेशीच ते दुखणे शमवण्याचीही खटपट करीत असते. कर्करोगावरच्या औषधांनी होणारी मज्जावेदना या द्रव्याने उंदरांत कमी होते, हेही त्यांनी दाखवले. अल्झायमर झालेल्या व्यक्तींच्या मेंदूत, मृत्यूनंतर तपासले असता, अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनचे प्रमाण कमी दिसले आहे. आणि या रोगाशी जोडल्या गेलेल्या अमिलॉइड प्रथिनाचा या स्टेरॉइडांच्या निर्मितीवर काय परिणाम होतो, हाही या गटाच्या अभ्यासाचा विषय आहे.

उंदरावरून माणसावर उडी मारू नये, हे आम्हांला कळते. पण माणसांवरचा एक अभ्यास आहेच. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, रजोनिवृत्तीपूर्वी अंडाशय काढलेल्या स्त्रियांना पुढे स्मृतिभ्रंशाचा आणि पार्किन्सनसदृश विकाराचा धोका अधिक होता. आणि शस्त्रक्रियेच्या वेळी वय जितके कमी, तितका धोका जास्त. बीडचा आकडा गर्भाशयाचा आहे, अंडाशयांचा नाही. दोन्ही एक समजणे चूक ठरेल. पण अंडाशये ठेवली तरी अशा शस्त्रक्रियेनंतर रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता वाढते, असे अभ्यास सांगतात. तेव्हा १३,८६१ जणींची पुढील तीस-चाळीस वर्षे कशी जातील, याची नोंद ठेवणे हे काम शस्त्रक्रियांच्या मोजणीने संपत नाही. फडावरच्या बाईचे विसरणे, थरथरणे, तळपायांची आग यांना ‘वयोमानाने होतं’ म्हणणारे पुष्कळ भेटतील.

येथवर आमचे वाचक विचारतील, मराठीच्या मास्तरांनी हे का सांगावे? कारण प्रश्न वर्णनाचा आहे. दुखणे मोजण्याचे यंत्र वैद्यकाकडे नाही. त्याला शब्दच विचारावे लागतात. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठात वेदनेची जी प्रश्नावली सिद्ध केली, ती मुळात शब्दांची यादी आहे : ७८ विशेषणे, २० गटांत. पुढे फ्रान्समध्ये मज्जावेदना ओळखण्यासाठी छोटी प्रश्नावली निघाली. तीत जळजळ, चमक, झिणझिण्या, मुंग्या, बधिरता, खाज असे विचारतात. आमच्या भागातली निरक्षर बाई हा भेद न विचारता करते. तिची कळ वेगळी, ठणका वेगळा, सणक वेगळी, चमक वेगळी. पाय ओढतात तेव्हा ती ‘दुखतात’ म्हणत नाही, आणि हुळहुळण्याला टोचणे म्हणत नाही. केसपेपरवर मात्र ‘कंबरदुखी, पोटदुखी’ एवढेच उरते. आम्ही पाहिलेल्या कागदांवर तरी याहून जास्त नव्हते.

‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला, हे आम्ही दरवर्षी शिकवतो आणि पुढे जातो. बाळंतिणीच्या ‘वेणा’ त्याच घरच्या. दुखणे हे जाणणे असेल, तर दुखणाऱ्या बाईकडे ज्ञान आहे, आणि ते तिच्या बोलीत आहे. दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चर्चेत आपण ‘वेदना’ हा शब्द इतका वापरला की त्याला अंगच उरले नाही. ती नेहमी समाजाची, मनाची, युगाची वेदना. ओटीपोटातली कळ समीक्षेत क्वचितच येते.

आमचे एक सहकारी म्हणतात, शास्त्राने रेणू दाखवल्यावरच बाईचे दुखणे खरे मानायचे का? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. तिच्या दुखण्याला स्ट्रासबुर्गच्या दाखल्याची गरज नव्हती. पण ‘पिशवी’ या शब्दाआड एक समजूत लपली होती, की हा अवयव बाकीच्या देहापासून सुटा आहे आणि डोक्याशी त्याचा संबंध नाही. ती समजूत आता बाळगता येत नाही. डॉक्टरांनाही नाही, आणि ‘बायकांचं दुखणं’ म्हणून पान उलटणाऱ्या आम्हांलाही नाही.

अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे आणि ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दोहोंत फार अंतर नाही. जिल्ह्यातील मराठी विभागांनी बोलीतल्या दुखण्याच्या शब्दांचा कोश करावा आणि तो वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, एवढी साधी सूचना आम्ही मांडतो. अनुदान लागणार नाही, वही लागेल. यंदा एम.ए.च्या वर्गात सुरुवात केली. दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे होतात, म्हणून घाईने. एका मुलीने आईला फोनवर विचारून अकरा शब्द आणले. बाराव्यापुढे तिने जागा कोरी ठेवली होती. विचारल्यावर म्हणाली, आई ते सांगताना रडायला लागली, मग आम्ही दुसरंच बोललो.