व्हिसा दोघांचा, नोकरी एकाचीच

लंडनची नोकरी चालून आली की पुण्या-मुंबईच्या घरांत आधी एक्सेल शीट उघडते. पगार, घरभाडे, कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस, ट्यूबचा प्रवास. शहराच्या मध्यात राहणे परवडत नाही म्हणून घर लांब धरले जाते, उरलेल्या पौंडांचे रुपये होतात आणि निर्णय लागतो. या तक्त्यात दुसऱ्या जोडीदारासाठी एकच शेरा असतो, ‘तिकडे गेल्यावर बघू’. तब्येतीला सर्वांत महाग पडतो तो हाच शेरा.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला काम करण्याची मुभा आहे. पण मुभा म्हणजे नोकरी नव्हे. दंतवैद्य किंवा फिजिओथेरपिस्ट असेल तर तिथली नोंदणी आली, तिचे सोपस्कार आणि शुल्क आले. कालपर्यंत स्वतः कमावणारी व्यक्ती आता भाजीच्या पैशांसाठीही दुसऱ्याच्या कार्डावर अवलंबून राहते. बहुतेकदा ती बायको असते. नवरा असला, तर त्याला हे कोणापाशी बोलताही येत नाही.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 बदलांना ताणाचे गुण दिले. घर बदलणे 20, राहणीमानातला बदल 25, जोडीदाराची नोकरी सुटणे वा लागणे 26, आर्थिक स्थितीतला मोठा बदल 38. मित्रमंडळ, कौटुंबिक भेटीगाठी, जेवण, झोप यांतल्या बदलांचे गुण मिळवले, तर बेरीज 173 होते. दीडशेच्या पुढे आजारपणाची शक्यता वाढते, असे ही पट्टी सांगते. पट्टी ढोबळ आहे, माणसामाणसांतला फरक तिला कळत नाही. तरी तिच्यातली एक गोष्ट मोलाची: पगार वाढला काय नि घटला काय, गुण तेवढेच. आनंदाच्या बदलाचाही शरीराला भार होतो. ‘एवढी चांगली संधी मिळाली, मग रडतेस कशाला?’ हा प्रश्न म्हणूनच अज्ञानाचा आहे.

त्यात घड्याळ आडवे येते. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. संध्याकाळी सातला, जोडीदार अजून गाडीत असताना, घर खायला उठते तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. आईला उठवायचे कसे?

उजेडही कमी. डिसेंबरअखेर लंडनचा दिवस आठ तासांचाही नसतो आणि त्या महिन्यांतले कोवळे ऊन त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करायला पुरत नाही. सावळ्या त्वचेला तर ऊन जास्तच लागते. तिथले सरकार सर्वांनाच शरद आणि हिवाळ्यात रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करा म्हणते, आणि आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांना वर्षभर. अर्थात ही गोळी हाडांसाठी आणि स्नायूंसाठी, एकटेपणावरचा उतारा म्हणून नव्हे.

विरोधाभास असा की व्हिसासोबतच प्रत्येक प्रौढामागे वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो. दोघांचे तीन वर्षांचे 6,210 पौंड, तेही आगाऊ. एवढे मोजूनही कित्येक जोडपी ताप येईपर्यंत जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवत नाहीत. नोंदणीला पैसे पडत नाहीत. शिवाय इंग्लंडमध्ये नैराश्य वा चिंतेसाठीच्या समुपदेशनाला जीपीकडे नोंदणी असली की स्वतःच अर्ज करता येतो, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

सामान हलवण्याच्या खर्चासाठी कंपनीशी घासाघीस करणाऱ्यांनी त्याच बैठकीत जोडीदाराच्या नोंदणीचे, परीक्षेचे शुल्कही मागावे. नाहीच मिळाले, तर ते घरच्या तक्त्यात भाड्याच्या लगोलग खालच्या ओळीत लिहावे. आणि कमावणारा जोडीदार रोज दोन-अडीच तास गाडीत घालवणार असेल, तर एक खोली कमी असलेले पण जवळचे घर बघावे. साडेसहाला घरी परतणारे माणूस पाहुण्यांच्या रिकाम्या खोलीपेक्षा जास्त उपयोगाचे.