दारातला गेंदा

गोवंडीच्या अरुंद गल्लीत बाग कशी होणार, असे तुम्ही विचाराल. अंगण नाही, मोकळी जमीन नाही आणि पाणीही जपून वापरावे लागते. तरीही मला वाटते की, ज्या दारात ऊन येते, त्या दारात बाग होऊ शकते.

तुम्ही ज्याला गेंदा म्हणता, त्याला मराठीत झेंडू म्हणतात. सूर्यफुलाच्या कुळातले हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. उत्तर अमेरिकेतले कोनफ्लॉवर हे त्याचेच नातेवाईक. पण त्याला कडक हिवाळा मानवतो. झेंडू मात्र मुंबईच्या उन्हातही आनंदाने फुलतो.

तेलाचा रिकामा डबा घ्या. मोठ्या माणसांकडून त्याच्या तळाला भोके पाडून घ्या. त्यात रोपवाटिकेतली माती व शेणखत भरा. कचऱ्याजवळची माती आणू नका. तिच्यात काचा असू शकतात. सुकलेल्या झेंडूतल्या काळ्या, काडीसारख्या बिया पेरा. आठवडाभरात कोंब दिसतील आणि दोन-अडीच महिन्यांत फुले येतील. रोपाला रोज 5-6 तास ऊन मिळू द्या. तांदूळ धुतलेले पाणी त्याला चालते. डब्याखाली मात्र पाणी साचू देऊ नका. त्यात डास होतात.

काही लोक म्हणतात, "फुले ही श्रीमंतांची चैन आहे." हे मला पटत नाही. गोवंडीजवळच्या देवनारला 1927 पासून मुंबईचा कचरा येऊ लागला. जानेवारी 2016 मध्ये तिथे मोठी आग लागली आणि धूर दूरवर पसरला. झेंडूच्या दोन डब्यांनी असा धूर हटणार नाही, हे खरे. स्वच्छ हवा हा आपला हक्क आहे आणि तो महानगरपालिकेकडे मागितलाच पाहिजे. पण हक्क मागणाऱ्याने फुले लावू नयेत, असे थोडेच आहे? उलट, जो एका रोपाची रोज काळजी घेतो, त्याला गल्लीतली घाण अधिक खुपते. तो गप्प बसत नाही.

म्हणून सुकलेले फूल फेकू नका. त्याच्या बिया शेजारच्या घरी द्या. एका फुलाच्या बियांतून सारी गल्ली फुलू शकते. ऊन तर सर्वांना फुकट मिळते. ते वाया का घालवायचे?