परदेशी सहल नको, सावड हवी



कारखाना परिसरातल्या शाळा-कॉलेजांतून एक सूचना अधूनमधून पुढे येते. आपल्या मुलांना सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी परदेशी पाठवावे, अशी ती सूचना. त्यावर आपला सभासद लगेच विचारतो, "आमच्या उसाच्या पैशावर पोरांनी विमानात हिंडायचं, आणि त्यातून शिकणार काय?" प्रश्न रास्त आहे. आठ दिवसांत पाच शहरे पाहायची, हॉटेलात उतरायचे आणि फोटो काढून परत यायचे, असा दौरा असेल तर आमचाही त्याला विरोध आहे. ती सहल झाली. देवाणघेवाण ही निराळी गोष्ट आहे.

तिचा अर्थ आपल्याला नवा नाही. एका बैलाचे दोन शेतकरी सावड करतात. आज तुझ्या रानात औत, उद्या माझ्या. खरी विद्यार्थी देवाणघेवाण अशीच चालते. इथला मुलगा तिथल्या घरात राहतो, त्यांच्या मुलाबरोबर शाळेत जातो. मग तिथला मुलगा इथे येऊन राहतो. राहण्या-जेवणाचे पैसे कोणी कोणाला देत नाही.

याचे मोठे उदाहरण फ्रान्स आणि जर्मनीचे आहे. हे शेजारी 1870, 1914 आणि 1939 असे तीन वेळा एकमेकांशी लढले. सरहद्दीवरचा आल्सास हा मुलूख 1871 ते 1945 या काळात चार वेळा इकडून तिकडे गेला. म्हणजे तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याने आपले गाव न सोडता चार वेळा देश बदलला! पुढे 22 जानेवारी 1963 रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी पॅरिसमध्ये मैत्रीचा करार केला. नुसत्या सह्यांनी मने जुळत नाहीत, हे दोघेही जाणून होते. म्हणून त्याच वर्षी दोन्ही सरकारांनी सारखा पैसा घालून तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी एक संयुक्त संस्था काढली. तिच्यामार्फत आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुण एकमेकांकडे जाऊन आले आहेत.

ही मुले काय शिकली? आधी साध्या गोष्टी. जर्मन घरात रात्री पुष्कळदा थंड पाव, चीज असेच जेवण असते. फ्रेंच घरात रात्रीचे जेवण गरम आणि निवांत. जर्मन शाळा पूर्वापार दुपारी सुटायची, फ्रेंच शाळा पार संध्याकाळपर्यंत. पहिले चार दिवस मुलाला वाटते, यांचे सगळेच उलटे. मग कळते की आपलेही त्यांना उलटेच दिसते. परीक्षेत भाषेचे गुण मिळवणारा मुलगा मीठ मागताना अडखळतो, आणि मग खरी भाषा शिकू लागतो. कधी दोघांचे पटतही नाही. तरी परक्या घरात मिळते-जुळते घ्यायची सवय लागते, तीही शिकवणच.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. फ्रान्सच्या गावोगावी पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या नावांचे दगड आहेत. जर्मन गावांतही तसेच दगड आहेत. ज्या घरात आपण जेवतो त्या घरानेही माणूस गमावला आहे, हे तिथे राहिल्यावर कळते. पुस्तकातला शत्रू तिथे कोणाचा तरी पणजोबा होतो. 2003 मध्ये बर्लिनला दोन्ही देशांच्या तरुणांची संसद भरली, तेव्हा तरुणांनीच मागणी केली की आम्हाला इतिहासाचे एकच पुस्तक द्या. त्यातून 2006 मध्ये दोन्ही देशांतल्या शाळांसाठी सामायिक पुस्तकाचा पहिला भाग निघाला. मजकूर एक, भाषा दोन. मोठ्यांना जे सुचले नाही, ते पोरांनी मागितले.

म्हणून आमचे मत असे. असा उपक्रम हाती घ्यायचा तर तीन अटी असाव्यात. मुलाने हॉटेलात न राहता घरात राहावे, आणि तेही निदान महिनाभर. जो जाईल त्याच्या घरी परतीचा पाहुणा आलाच पाहिजे. दोन खोल्यांचे घर असले तरी लाजू नये. आणि निवड उघडपणे, सर्वांसमोर व्हावी. संचालकाचा भाचा आणि एक एकरवाल्याची लेक यांना एकच माप लावावे. नाहीतर ही आणखी एक मिरवण्याची गोष्ट होईल.

फ्रान्स-जर्मनीत बीटापासून साखर होते, आणि तिथेही या धंद्यात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचा मोठा वाटा आहे. आपल्या मुलांनी अशा बीटवाल्याच्या घरी राहावे आणि त्याच्या मुलांनी आपल्या उसाच्या रानात यावे, यापेक्षा चांगली सोयरीक कोणती?

मात्र एक तयारी घरूनच हवी. दर हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या शिवारात उतरतात. त्यांच्या कोपीत आपली किती मुले कधी बसली आहेत? ज्याने बांधापलीकडची चूल पाहिली नाही, तो समुद्रापलीकडे जाऊन काय पाहणार? परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलाने आधी साखरशाळेत चार आठवडे मदत करावी, अशी चौथी अटही आम्ही सुचवतो.

येत्या वार्षिक सभेत या विषयावर सभासदांनी मोकळेपणाने बोलावे. खर्च किती, हे विचाराच. पण मुले कोणाच्या घरी राहणार आणि आपल्या घरी कोण येणार, हेही विचारा.