उष्टे कुणाचे?

दुसऱ्या लेखकाची पात्रे घेऊन स्वतःची गोष्ट लिहिणाऱ्या मुलामुलींसाठी आमच्या साहित्यिक मंडळींनी एक शब्द शोधून काढला आहे. उष्टी गोष्ट! इंग्रजीत या लेखनाला फॅन फिक्शन म्हणतात. मराठीत त्याला अजून धड नाव मिळालेले नाही, पण शिवी मात्र तयार झाली. माणिकपूरच्या घरगुती बैठकांत, ईदमिलनाच्या कार्यक्रमांत, कुणाच्या पुस्तक प्रकाशनानंतरच्या चहापानात हा शब्द आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याचा समाचार घेणे भाग आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. मुंबईत घर परवडेना म्हणून कुर्ला, जोगेश्वरी, भायखळा सोडून वसई रोडला उतरलेली कितीतरी कुटुंबे माणिकपुरात आणि आसपास स्थिरावली. मुले मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातात. घरात कुणाची दखनी, कुणाची कोकणी, कुणाची बाजारात घासून तयार झालेली मराठी. या घरांतल्या आठवी ते बारावीच्या मुली (मुलगेही आहेत, पण मुली अधिक) दोनशे पानी वह्यांत, आता मोबाइलवरही, गोष्टी लिहीत असतात. पात्रे कुठली? हॅरी पॉटर, कोरियन मालिकांतले नायक, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, आणि एखाद्या घरी आजोबांच्या ट्रंकेतून निघालेला इब्ने सफींचा इम्रान. एक वही आम्ही मुद्दाम मागून वाचली. तीत फुरसुंगीचा फास्टर फेणे सुट्टीत वसईला येतो, किल्ल्यात वाट चुकतो, आणि त्याला बाहेर काढते रुखसाना नावाची मुलगी, जी त्याच्यापेक्षा जोरात सायकल हाणते. शेवटी ‘ट्टॉक’ असा आवाज तीच काढते. फेणे नुसता बघत राहतो!

ही वही एका बैठकीत वाचली गेली तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, ‘पोरी, हे भागवतांचे उष्टे आहे. स्वतःचे काही लिही.’ त्यांचे नाव आम्ही घेत नाही, कारण असे म्हणणारे ते एकटे नाहीत.

उष्टे या शब्दाचेच आम्हाला प्रथम नवल वाटते. सगळे जग व्यासांचे उष्टे आहे, असे जुने पंडित मोठ्या अभिमानाने सांगत आले. महाभारतातला ययाती घेऊन वि. स. खांडेकरांनी १९५९ साली कादंबरी लिहिली. कर्ण घेऊन शिवाजी सावंतांनी १९६७ साली ‘मृत्युंजय’ लिहिली. मूळ ग्रंथात नसलेली मने, नसलेले संवाद त्यांनी स्वतः रचले. त्यांना कुणी उष्टे खाणारे म्हटले नाही. ‘ययाति’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे झाले पंडितांचे. आपल्या दस्तरखानावर तर एका थाळीत चार हात जातात, आणि एकमेकांचे उष्टे खाल्ल्याने मोहब्बत वाढते असे आपल्या आयाबाया सांगतात. मग उष्ट्याचा हा विटाळ आपल्याकडे आला कुठून?

आता चोरीचा आरोप. त्यासाठी फार दूर जायला नको, विरारपलीकडच्या अर्नाळ्यापर्यंत गेले तरी पुरे. ज्यांच्या नावातच हे गाव आहे ते बाबुराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही नावे आमच्या आधीच्या पिढीला तोंडपाठ होती. अभ्यासिकेत धड्याच्या पुस्तकाआड अर्नाळकर वाचला नाही असा त्या पिढीतला माणूस सापडणे कठीण. बाबुरावांनी इंग्रजी रहस्यकथांच्या खाणीतून भरपूर माल उचलला हेही सर्वश्रुत आहे. पण तो माल मराठीत येताना मराठी झाला, गिरगाव-दादरच्या माणसाला आपला वाटला. गिरणी कामगार, शिपाई, गृहिणी, ज्यांच्याकडे प्रस्थापित साहित्य ढुंकून बघत नव्हते, ते त्यांच्यामुळे वाचू लागले. १९९६ साली ते गेले. आज त्यांच्यावर कौतुकाने लेख येतात. मग ज्या पट्ट्याने अर्नाळकर दिला, त्याच पट्ट्यातल्या मुलीने झुंजारला मदतीला बोलावले तर तो गुन्हा कसा?

इब्ने सफींचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९५२ साली अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. तिची पहिली कादंबरी ‘दिलेर मुजरिम’ एका इंग्रजी कादंबरीवर बेतलेली होती, आणि ही गोष्ट सफीसाहेबांनी स्वतः कबूल केली होती. फरीदी आणि हमीद मात्र त्यांचे स्वतःचे. पुढे १९६० ते १९६३ या काळात ते आजारी पडले, लिहिणे थांबले, तेव्हा बाजारात त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे लावून नकली इम्रान विकणाऱ्यांचे पेव फुटले. १९६३ साली ‘डेढ मतवाले’ घेऊन ते परतले तेव्हा वाचकाला अस्सल आणि नक्कल यांतला फरक एका पानात कळला. आम्ही चोरी म्हणतो ती या नकली मालाला. दुसऱ्याची सही मारून आपला माल खपवणे ही चोरी. ‘पात्र त्यांचे, गोष्ट माझी’ असे पहिल्याच पानावर लिहिणारी मुलगी चोर कशी? चोर कधी पत्ता देऊन जातो का?

सफींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे आपल्या मंडळींचे लक्ष गेलेले नाही. ‘जासूसी दुनिया’ हिंदीत आली तेव्हा फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश. हमीद तेवढा हमीदच राहिला. नायकाला मुसलमान नाव असले तर पुस्तक खपणार नाही असा व्यापाऱ्याचा हिशेब असावा. त्याला आम्ही आज दोष देत बसत नाही. पण नाव बदलून नायक दुसऱ्या वाचकाचा होऊ शकतो हे तेव्हाच सिद्ध झाले ना? रुखसानाने उलट्या दिशेने तेच केले. मराठी बालसाहित्यात तिला आपल्या नावाचे कुणी सापडेना. सापडले तर ते शेजारचे प्रेमळ चाचा, शीरखुर्म्याचा वाडगा देऊन दुसऱ्या पानावर गायब होणारे. तिने वाडगा खाली ठेवला आणि सायकल काढली. तिला फेणे आवडतो, म्हणूनच तिला त्याच्या गोष्टीत राहायचे आहे. नावडत्या घरात कुणी राहायला जात नाही.

आता तिसरा आक्षेप, जो आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. ‘समाज जळतो आहे आणि ही मुले जासुसांचे खेळ लिहितात!’ १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपले अनुभव आपल्या शब्दांत मांडा असा आग्रह धरला गेला. तो रास्त होता. आमच्याविषयी सगळे इतरांनीच लिहायचे ही कोंडी फोडायला तोच मार्ग होता. पण पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत त्या आग्रहाचा जकात नाका झाला. आपल्या लेखकाने नाक्यावर आधी दुःख दाखवायचे, मग आत यायचे. तलाक, दंगल, गरिबी, संशय, यांतले काहीतरी पिशवीत पाहिजेच. पंधरा वर्षांच्या मुलीच्या पिशवीत हे सगळे असतेच हो, ते तिला कुणी शिकवावे लागत नाही. पण तिला कधी किल्ल्यात खजिनाही शोधायचा असतो. प्रस्थापितांच्या मुलांना ही मुभा आहे. आमच्याच मुलांनी जन्मभर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहायचे काय?

या आक्षेपाच्या पोटात एक भीती आहे, आणि तिची आम्ही थट्टा करणार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर, पालघरमध्ये, दोन मुलींना अटक झाली. एकीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या आवडल्याची खूण केली होती, बस्स. ज्या ६६अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. पण कलम गेले तरी आईच्या पोटातला गोळा गेला नाही. ‘लिहू नकोस, काही लिहायचेच नाही’ हे वाक्य या पट्ट्यातल्या किती घरांत बोलले गेले असेल! अशा घरात मुलगी लिहायला सुरुवात कुठून करणार? स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोहल्ल्यावर, स्वतःच्या अब्बांवर? ते तिला जमणार नाही, आणि जमले तरी झेपणार नाही. फेणेच्या पाठीमागे उभे राहून मात्र ती बोलू शकते. उसने पात्र ही तिची ओढणी आहे. ती कधी काढायची हे तिचे तिला ठरवू द्या.

आणि शिकण्याचे म्हणाल, तर आपल्या अदबीत हीच रीत आहे. तरही मुशायरा म्हणजे काय? दुसऱ्या शायराचा मिसरा द्यायचा, त्याच बहरात, त्याच काफिया-रदीफमध्ये सर्वांनी गझल बांधायची, आणि त्या मिसऱ्यावर गिरह लावायची. गिरह चांगली बसली की सगळी मैफल उठून दाद देते. तिथे कुणी उष्टे म्हणत नाही. ज्या ज्येष्ठांनी रुखसानाच्या वहीला उष्टे म्हटले ते स्वतः तरही मुशायऱ्यात हिरिरीने वाचतात, हे आम्ही कानांनी ऐकले आहे. मिसरा चालतो, मग फेणे का चालत नाही? मुलीने केले ते गिरह लावण्याचेच काम. आणि ते सोपे नाही. फेणेला रडका करून चालत नाही, झुंजारला भित्रा करून चालत नाही. मूळ पुस्तके दहादा वाचावी लागतात. एखादी चूक झाली तर वर्गातली दुसरी चाहती लगेच पकडते. इतके कसून वाचणारे समीक्षक आम्हाला तरी अजून लाभलेले नाहीत!

सगळेच चालेल असे आम्ही म्हणत नाही. आपल्या पवित्र व्यक्तींना या खेळात ओढायचे नाही, आणि दुसऱ्यांच्याही. दास्ताने-अमीर हम्जा वाढत वाढत ४६ खंडांची झाली हा दाखला कुणी देईल, पण तो जमाना वेगळा होता आणि आज त्या वाटेने जाण्यात शहाणपण नाही. हयात नट-नट्यांना शयनगृहात नेऊन बसवणाऱ्या गोष्टी मोबाइलवर ढिगाने आहेत. त्या आम्हाला घाणेरड्या वाटतात, आणि तसे स्पष्ट सांगायला हवे. पैशाचेही भान हवे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतो. म्हणजे अर्नाळकरांचा २०५६ अखेरपर्यंत, आणि २००१ साली गेलेल्या भागवतांचा २०६१ अखेरपर्यंत. वहीत लिहा, मैत्रिणींना वाचून दाखवा. छापून विकायचे असेल तर परवानगी घ्या, नाहीतर पात्राचे नाव-गाव बदलून ते खरोखर आपले करा. ‘फिफ्टी शेड्स’ हे जगभर खपलेले पुस्तक आधी ‘ट्वायलाइट’च्या चाहतीने लिहिलेली अशीच उसनी गोष्ट होती. पुस्तक कसे का असेना, वाट तीच.

बैठका चालवणाऱ्यांपुढे आमचा एक प्रस्ताव आहे. पुढच्या वेळी मिसऱ्याऐवजी प्रसंग द्या : विरार फास्ट रात्री वसई रोडला थांबते, आणि काळा पहाड उतरतो. इथून पुढे सर्वांनी चार-चार पाने लिहून आणायची, मुदत दोन आठवडे. सवलत कुणालाही नाही, ज्येष्ठांनाही नाही. आणि वाचनाचा पहिला मान वहीवाल्या मुलींना.